कोंबडी रात्री घरी का येते? एका संध्याकाळच्या कराराचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं शब्दांकन. बोलताना येणारं 'म्हणजे बघा' आणि 'अं...' बरंचसं काढलंय. सगळं नाही, नाहीतर ते माझं बोलणं वाटणार नाही.

आजचा विषय आहे कोंबडीची झोप. हसू नका.

हौसेने कोंबड्या पाळणारे लोक आजकाल शहरांच्या कडेलाही दिसतात. चार-पाच कोंबड्या, छोटं खुराडं, रोजची ताजी अंडी. अशा प्रत्येक घरात पहिल्या संध्याकाळी एकच प्रश्न येतो. खुराडं बांधलं, आत भुसा टाकला, पाणी ठेवलं. अंधार पडायला लागला, आणि कोंबड्या खुराड्यात जायचं सोडून शेवग्याच्या झाडावर, कंपाउंडच्या भिंतीवर, नाहीतर अंगणातल्या स्कूटरच्या सीटवर जाऊन बसल्या. अंधारात टॉर्च घेऊन अख्खं घर त्यांच्या मागे.

गंमत वाटते, पण यात खरं नुकसान आहे. बाहेर झोपलेली कोंबडी म्हणजे मुंगसाला, रानमांजराला, घुबडाला दिलेलं आमंत्रण. ज्या बाईकडे पाचच कोंबड्या आहेत आणि अंडी विकून आलेला पैसा हाच तिच्या हातातला स्वतःचा पैसा आहे, तिची एक कोंबडी गेली म्हणजे वीस टक्के भांडवल गेलं. एका रात्रीत.

आता प्रश्न असा, की कोंबडी तर हजारो वर्षांपासून पाळीव आहे. मग तिला अजून घरात झोपायला शिकवावं का लागतं? हा प्रश्न धरून मागे मागे गेलं की एक भारी गोष्ट हाताला लागते. माणसाने कोंबडीला पाळलं खरं, पण तिची झोप कधी बदलली नाही. ती आजही झाडावरच झोपते. आपण फक्त झाड घरात आणलं. आणि जिथे जिथे आपण ते झाड विसरलो, तिथे कोंबडीचे हाल झाले.

आधी झाड होतं

कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. उत्तर आणि पूर्व भारतापासून म्यानमार, थायलंड, पुढे इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांत तो आजही सापडतो. डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात हाच मूळ पूर्वज असल्याचं मांडलं होतं. २०२० मध्ये संशोधकांनी ८६३ पक्ष्यांचे जीनोम तपासले आणि पत्ता आणखी नेमका केला: दक्षिण-पश्चिम चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातली लाल रानकोंबड्याची एक उपजात.

हा पक्षी दिवसभर जमिनीवर असतो. पाचोळा उकरतो, किडे खातो, बांबूचं बी खातो. पण दिवस मावळला की झाडावर किंवा बांबूच्या बेटात चढतो. कारण सोपं आहे. कोंबडीचे डोळे दिवसासाठी बनलेत. रंग ओळखण्याच्या बाबतीत ती आपल्यापेक्षा सरस आहे, अतिनील प्रकाशसुद्धा तिला दिसतो. पण अंधार पडला की ती जवळजवळ आंधळी. दिवसा हाताला न लागणारी कोंबडी रात्री तुम्ही सहज उचलून घेऊ शकता, ती फारशी हलतही नाही.

म्हणजे रोज संध्याकाळी तिला एक निर्णय घ्यायचा असतो, आणि तोही उजेड संपायच्या आत. एकदा अंधार पडला की निर्णय बदलता येत नाही. चुकला तर सकाळ नाही. या निर्णयाचे ढोबळपणे तीन निकष आहेत असं समजा. एक, उंची: जमिनीपासून वर. दोन, ओळख: काल जिथे सुखरूप रात्र गेली तीच जागा. तीन, सोबत: बाकीचा कळप असेल तिथे. उंची, ओळख, सोबत. हे तीन शब्द लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहेत.

धान्याच्या वासाने आलेला पाहुणा

कोंबडी माणसाळली कधी? अनेक वर्षं वेगवेगळे दावे होते. कोणी चीनमध्ये आठ-दहा हजार वर्षांपूर्वी म्हणायचं, कोणी सिंधू संस्कृतीत. २०२२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ८९ देशांतल्या ६०० हून जास्त स्थळांवरचे पुरावे पुन्हा तपासले. निष्कर्ष असा, की नि:संशय पाळीव म्हणता येतील अशी सगळ्यात जुनी हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची आहेत. काळ इ.स.पू. १६५० ते १२५०. म्हणजे फार तर साडेतीन हजार वर्षं आणि वर थोडी. कुत्रा, गाय, शेळी यांच्या मानाने कोंबडी आपल्या घरात कालपरवा आलीय.

आणि ती आली कशामुळे? भातामुळे, असं या गटाचं म्हणणं. कोरडवाहू भात आणि राळ्यासारखी धान्यं पिकायला लागली, साठवली जायला लागली, आणि झाडावरचा रानकोंबडा सांडलेले दाणे टिपायला वस्तीत उतरला. कोणी त्याला पकडून आणलं नाही. तो स्वतःच आला.

आता हाडं झोपेबद्दल काही सांगत नाहीत, त्यामुळे पुढचा विचार माझा आहे असं समजा. दाणे टिपायला येणारा पक्षी अजून पाळीव नसतो. चिमणीसुद्धा दाणे टिपते. तो पाहुणा असतो, दिवसाचा. तो रात्रीही जंगलात परत न जाता तुमच्या छपराच्या आढ्यावर बसायला लागला, की नातं बदलतं. आता अंडी तुमच्या हद्दीत, पिल्लं तुमच्या हद्दीत, आणि तुम्हाला हवी ती कोंबडी रात्री हाताला लागते. माझ्या मते पाळीवपणाची खरी रेषा इथे आहे, जनावर रात्री कुठे झोपतं तिथे.

ही रेषा किती पुसट होती याचा पुरावा आपल्या सह्याद्रीत आहे. आपल्याकडच्या घाटांतला रानकोंबडा लाल नव्हे, राखी. पश्चिम घाटात, दक्षिण आणि मध्य भारतात तो राहतो, पहाटे त्याचं तुटक आरवणं ऐकू येतं. हा आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज नाही. पण २००८ मध्ये एक शोध लागला: अनेक पाळीव जातींच्या पिवळ्या कातडीला आणि पिवळ्या पायांना कारण असणारं जनुक लाल रानकोंबड्याकडून नाही, तर राखी रानकोंबड्याकडून आलंय. म्हणजे कधीतरी भारतीय उपखंडात पाळीव कोंबड्या आणि राखी रानकोंबडे यांचा संकर झाला, आणि त्याची खूण आज जगभरच्या पोल्ट्रीत पिवळ्या पायांवर फिरतेय.

रोमन लोकांचं चौकोनी झाड

युरोपात कोंबडी पोचली ती साधारण इ.स.पू. ८०० च्या सुमारास. आणि सुरुवातीला तिला खाण्यासाठी पाळलंच नाही. लोहयुगातल्या कोंबड्यांचे अख्खे सांगाडे सापडतात, कापल्याच्या खुणा नसलेले, नीट पुरलेले. ज्युलियस सीझरनेही ब्रिटनबद्दल लिहिताना नोंद केलीय, की तिथले लोक कोंबडी खाणं निषिद्ध मानतात, पण हौसेने पाळतात. 'पेट चिकन' हा प्रकार इन्स्टाग्रामने काढलेला नाही, मंडळी.

खुराड्याची इंजिनिअरिंग मात्र रोमन लोकांची. वॅरो नावाच्या विद्वानाने इ.स.पू. ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात २०० कोंबड्यांसाठी खुराड्याची अक्षरशः स्पेसिफिकेशन दिलीय: एकमेकांना जोडलेल्या दोन खोल्या, तोंड पूर्वेकडे, प्रत्येकीची लांबी साधारण दहा फूट, आणि आत सगळ्या कोंबड्या मावतील इतक्या दांड्या. खिडक्यांना जाळी, उजेड यावा पण शत्रू आत येऊ नये म्हणून.

त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी कोलुमेला आला. मूळचा स्पेनमधल्या काडिझचा. त्याचं लिखाण वाचताना वाटतं, हा माणूस रात्री खुराड्यात बसून बघत असणार. तो म्हणतो, खुराडं स्वयंपाकघराच्या किंवा भट्टीच्या शेजारी बांधा, कारण धूर या पक्ष्याला मानवतो. आणि दांड्या गोल गुळगुळीत नकोत, चौकोनी तासलेल्या हव्यात, नाहीतर उडी मारून बसणाऱ्या कोंबडीचा पाय सरकतो. जमिनीपासून एक फूट उंच, दोन दांड्यांमध्ये दोन फूट अंतर.

इथे जरा थांबू या. दोन हजार वर्षांपूर्वी एक माणूस लाकडाच्या कडेचा विचार करतोय, का तर कोंबडीची पकड नीट बसावी. त्याला कळलं होतं की खुराडं म्हणजे चार भिंती आणि छप्पर नव्हे. खुराडं म्हणजे फांदी, तिच्याभोवती भिंत. उंची दिली, रोज तीच जागा दिली म्हणजे ओळख दिली, सगळ्यांना मावेल इतकी दांडी दिली म्हणजे सोबत दिली. बदल्यात कोंबडी रोज संध्याकाळी स्वतःच्या पायाने घरी येते. करार असा होता: रात्र आमच्याकडे काढ, जीव आम्ही सांभाळतो.

आपलं डालं आणि ती म्हण

आता घरी येऊ. आपल्याकडे या कामासाठी स्वतंत्र क्रियापद आहे: कोंबड्या डालणं. दिवेलागणीला 'कोंबड्या डालल्या का?' हा प्रश्न खेड्यातल्या कितीतरी घरांत अजूनही विचारला जातो. डालं म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी टोपली. कोंबड्या जमवायच्या, वर डालं उलटं घालायचं, त्यावर एखादा दगड. झालं. ज्यांच्याकडे जागा, त्यांच्याकडे पडवीत किंवा घराच्या भिंतीला लागून मातीचं, लाकडाचं खुराडं.

डालं हा हुशार पण गरिबाचा उपाय आहे. त्यात उंची नाही. पण डालं भिंतीसारखं पक्कं नसतं, हलतं असतं. पावसात घरात घ्या, उन्हाळ्यात अंगणात ठेवा, बाजारात त्यातूनच कोंबड्या न्या. उंचीची उणीव ते पूर्ण बंदिस्तपणाने आणि सोबतीने भरून काढतं, सगळ्या एकमेकींना चिकटून. आणि माणूस दोन हातांवर झोपलेला असतो. मुंगूस आलं तर कोंबड्यांचा कलकलाट आणि म्हातारीची काठी, दोन्ही एकदम.

आणि या डाल्याचा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण सत्य लपत नाही या अर्थाने वापरतो. शाळेत अर्थ पाठ केला, मार्क मिळाले. पण त्या म्हणीत मुळात काय दिसतं? कोंबडं रात्री झाकलेलं आहे. कोणीतरी संध्याकाळी ते डालून ठेवलंय. ही म्हण म्हणजे सुभाषित तर आहेच, पण त्याचबरोबर घराघरांतल्या एका रोजच्या कामाची नोंद आहे, कुठल्याही बखरीत न सापडणारी. असं काम बहुतेक बाया आणि पोरं करायची, आणि त्यांच्या कामांच्या बखरी कोणी लिहिल्या नाहीत. म्हणीने लिहिली.

बाय द वे, मुंबईतल्या छोट्या खोलीला आपण 'खुराडं' म्हणून नावं ठेवतो. कोलुमेलाच्या खुराड्यात माणशी, म्हणजे कोंबडीशी, जागेचा विचार तरी होता.

आई गेली आणि धडा गेला

मग नवीन कोंबड्यांना हे आपोआप का येत नाही? कारण यातला मोठा भाग आई शिकवायची.

खुडूक कोंबडी अंडी उबवते. पिल्लं निघाली की पहिले काही आठवडे ती रात्री जमिनीवरच बसते, पिल्लं पंखाखाली. मग पिल्लांना पंख फुटतात आणि एके संध्याकाळी आई वर चढते. पिल्लं खाली चिवचिवाट करतात, उड्या मारतात, पडतात, शेवटी चढतात. धडा पूर्ण. उंची, ओळख आणि सोबत, तिन्ही गोष्टी आईच्या मागे चालत येतात.

माणसाने अंड्यातून आईला बाजूला काढायची युक्ती फार पूर्वीच शोधली होती. इजिप्तमध्ये खताच्या उबेवर अंडी उबवतात अशी नोंद ॲरिस्टॉटलने केलीय, आणि तिथल्या उबवणीच्या भट्ट्या पुढे शतकानुशतकं प्रसिद्ध होत्या. पण हे जगभर पसरलं ते कॅलिफोर्नियातल्या पेटालुमासारख्या गावांमुळे. १८७९ मध्ये लायमन बाइस आणि आयझॅक डायस यांनी तिथे एक यशस्वी इन्क्युबेटर तयार केला आणि गाव अंड्यांच्या धंद्यावर उभं राहिलं. त्यानंतर पिल्लू म्हणजे मशीनमधून निघणारी, खोक्यातून पाठवायची वस्तू झाली.

त्याचा परिणाम झोपेवर होतो का? होतो. स्वीडनमधल्या एका गटाने २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. काही पिल्लं लहानपणापासून दांड्या असलेल्या जागेत वाढवली, काही पहिले आठ आठवडे दांड्यांशिवाय. मोठेपणी उंचावर ठेवलेल्या खाद्यापर्यंत पोचायला दांड्यांशिवाय वाढलेल्या कोंबड्यांना जास्त अवघड गेलं. पायात ताकद नव्हती असं नाही, 'वर' म्हणजे काय हेच नीट कळलेलं नव्हतं. म्हणून हॅचरीतून आणलेल्या तलंगा तुमच्या खुराड्यात कोपऱ्यात ढीग करून झोपल्या तर त्यांना मठ्ठ म्हणू नका. त्यांना कोणी आई भेटलेलीच नाही.

दांडीवरचं राजकारण

राहिली सोबत. कोंबड्यांमधला मानाचा क्रम पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडला तो नॉर्वेच्या श्येल्डरुप-एबे यांनी, १९२१-२२ च्या सुमारास. लहानपणापासून घरच्या कोंबड्यांच्या वह्या भरणारा मुलगा होता तो. कोण कोणाला टोचतं याची यादी केली आणि लक्षात आलं की कळपात पक्की उतरंड असते. इंग्रजीतला 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द, जो आपण आज ऑफिसबद्दल बोलताना वापरतो, तो मूळचा कोंबड्यांचा. अप्रेझलच्या आठवड्यात हे आठवलं तर माझी जबाबदारी नाही.

ही उतरंड सगळ्यात स्पष्ट दिसते ती संध्याकाळी, दांडीवर. जागा कमी असेल तर वरचढ कोंबड्या आधी बसतात, खालच्यांना ढकलतात, टोचतात. जुन्या कळपात नवी कोंबडी सोडली की ती खुराड्यात जात नाही, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. तिला खुराडं नको असं नाही, तिला आत जाऊ देत नाहीत. म्हणून जुनेजाणते लोक एक युक्ती करतात: अंधार पडल्यावर नवी कोंबडी उचलून अलगद दांडीवर इतरांच्या शेजारी ठेवायची. अंधारात भांडण होत नाही. सकाळी कुरबुर होते, पण रात्र एकत्र गेलेली असते.

मग आपण रात्रच काढून घेतली

विसाव्या शतकात हा जुना करार मोडला, आणि तो हळूहळू मोडला.

१९२३ मध्ये अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली, आली ५००. त्यांनी ती परत न पाठवता एका छोट्या शेडमध्ये वाढवली आणि मांसासाठी विकली. आजच्या ब्रॉयलर उद्योगाची सुरुवात इथून सांगतात. ते शेड आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे. खुराड्याला हेरिटेज दर्जा.

त्याच दशकात 'ड' जीवनसत्त्वाचं कोडं सुटलं. खाद्यात कॉडलिव्हर तेल दिलं की उन्हात न गेलेल्या कोंबड्यांचेही पाय वाकडे होत नाहीत हे कळलं. म्हणजे आता कोंबडीला बाहेर सोडायचीच गरज नाही. मग विजेचा दिवा आला. कोंबडीचं अंडं देणं दिवसाच्या लांबीवर चालतं, हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी. बल्ब लावला की हिवाळाच नाही. ब्रॉयलरच्या शेडमध्ये तर चोवीसपैकी तेवीस तास उजेड ठेवायची पद्धत पडली, कारण जागा पक्षी खात राहतो.

आणि पिंजरे आले. १९३० च्या दशकापासून वाढत गेलेले, तारेचे, एकावर एक. युरोपात १९९९ च्या नियमाने साध्या पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यायला लावली. प्रिंटरचा ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे ही सुधारलेली जागासुद्धा कागदाहून कमी. त्यात दांडी नाही, उंची नाही, आणि सोबत म्हणजे गर्दी. गणिताने बघितलं तर सिस्टीम उत्तम चालत होती. मुंगूस नाही, साप नाही, रोज अंडं. वॅरोने ज्या शत्रूंसाठी जाळी लावली होती ते सगळे हरले होते. फक्त ज्या पक्ष्यासाठी ती जाळी होती, त्याला त्यात जागा उरली नव्हती.

१९६४ मध्ये ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांचं 'ॲनिमल मशीन्स' आलं, लोक हादरले, सरकारने समिती नेमली. पण उद्योगाचा सवाल रास्त होता: दांडी नसली तर कोंबडीला खरंच फरक पडतो, हे कशावरून? पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात गेल्यावर ती विसरली नसेल का?

याचं उत्तर पुन्हा स्वीडनमधूनच आलं. २००० च्या आसपास ओल्सन आणि कीलिंग या दोन शास्त्रज्ञांनी रात्रीच्या वेळी दांडीवर बसू न दिलेल्या कोंबड्यांचं वागणं पाहिलं. त्या अस्वस्थ होत्या, हिंडत राहिल्या. पुढे त्यांनी एक जड दार बसवलं, जे ढकलल्यावरच दांडी मिळेल. कोंबड्यांनी ढकललं. दार जड करत नेलं, तरी ढकलत राहिल्या. फक्त रात्री नीट बसता यावं म्हणून. विसरली नव्हती. साडेतीन हजार वर्षांत नाही, आणि पिंजऱ्यातल्या पिढ्यांतही नाही.

१ जानेवारी २०१२ पासून युरोपीय संघात साधे पिंजरे बंद झाले. अंडी देणाऱ्या कोंबडीला दांडी द्यायची, दर कोंबडीमागे किमान १५ सेंटिमीटर, आणि तिच्या कडा टोकदार नकोत, असं कायद्यात लिहिलंय. कोलुमेलाने चौकोनी दांडी सांगितली होती, त्याला साधारण १९०० वर्षं उलटून गेल्यावर कायद्याला दांडीच्या कडेची आठवण झाली. ब्रॉयलरसाठी २००७ च्या नियमात दिवसाकाठी किमान सहा तास अंधार, त्यातले चार तास सलग. एखाद्या प्राण्याला रात्र मिळावी म्हणून कायदा करावा लागतो, हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये लॉ कमिशनने २६९ व्या अहवालात पिंजऱ्यांचा प्रश्न हाताळला आणि नियमांचा मसुदा सुचवला. पण २०१९ च्या पशुगणनेतला एक आकडा मला त्याहून बोलका वाटतो. देशात कोंबड्यांसह सगळे मिळून ८५ कोटींहून जास्त पाळीव पक्षी, आणि त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्यांची वाढ जवळजवळ ४६ टक्के. म्हणजे आज संध्याकाळी या देशात कोट्यवधी कोंबड्यांना कोणीतरी हाक मारून आत घेणार आहे. डालं, खुराडं, पत्र्याची पेटी, जे असेल त्यात. जुना करार अजून जिवंत आहे.

मग आज संध्याकाळी करायचं काय?

इतिहास झाला, आता प्रश्नाचं उत्तर. तुमच्या नव्या कोंबड्या आत जात नसतील तर ते तीन शब्द काढा.

ओळख: नवीन कोंबड्या पहिला आठवडाभर खुराड्यात आणि त्याला जोडलेल्या जाळीच्या आवारातच ठेवा. मोकळं सोडायची घाई नको. 'काल रात्र इथे सुखरूप गेली' हे त्यांना सात-आठ वेळा पटू दे. नंतर सोडायचं तेही पहिल्यांदा मावळतीच्या तासभर आधी, म्हणजे लांब जायला वेळ मिळत नाही.

उंची: आडवी दांडी लावा, अंडी घालायच्या पेटीपेक्षा उंच. कोंबडी सगळ्यात वरची जागा धरते, पेटी उंच असेल तर ती पेटीत झोपणार आणि अंडी घाण होणार. दांडी चार-पाच सेंटिमीटर रुंद, कडा थोड्या घासलेल्या. तलंगा असतील तर आधी दांडी खाली ठेवा, मग आठवड्या-आठवड्याने वर न्या. आईचं काम तुम्ही करताय.

सोबत: प्रत्येकीला वीसेक सेंटिमीटर दांडी मिळायला हवी. एखादी बाहेर राहिली तर तिच्यामागे पळू नका. अंधार पडू द्या, शांतपणे उचला, दांडीवर ठेवा. तीन-चार रात्री हे करावं लागतं. आणि आत जाताना मूठभर दाणे, एकच ठरलेली हाक. सुरुवात दाण्यांनीच झाली होती, आठवतंय ना?

आणि उजेड. बाहेर संधिप्रकाश आणि आत मिट्ट काळोख असेल तर कोंबडीला खुराडं बिळासारखं वाटतं, ती आत जात नाही. पहिले काही दिवस मावळतीला आत छोटा दिवा लावा आणि त्या बसल्या की मालवा. मालवा हं. रात्र त्यांची आहे.

शेवटी माझ्या जातभाईंसाठी, म्हणजे इंजिनिअर लोकांसाठी. खुराड्याचं दार आपोआप लावणारी यंत्रं आता मिळतात, आणि काही जण घरी स्वतः बनवतात. त्यात ठरावीक वेळ टाकू नका. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. डिसेंबरात साडेसहाला सेट केलेलं दार जूनमध्ये तुमच्या सगळ्या कोंबड्यांना बाहेर ठेवून बंद होईल, आणि लॉगमध्ये 'सक्सेस' लिहिलेलं असेल. उजेडाचा सेन्सर लावा, आणि तरीही रात्री एकदा जाऊन डोकी मोजा. डालं घालणारी म्हातारी मोजायची. तिच्या सिस्टीममध्ये तेवढी एक स्टेप होती, आणि ती कोणी ऑटोमेट करू शकलेलं नाही.

तुमच्या भागात खुराड्याला, डाल्याला आणखी काय म्हणतात? घरच्या मोठ्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस मेसेज करा. असे शब्द पुस्तकांत कमी आणि माणसांत जास्त सापडतात. भेटू पुढच्या भागात.